बाजाराच्या दिवशीची गोळी

माझी आजी शिरूरची. तिला आमवात आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिला दोन गोळ्या लिहून दिल्या. दोन्ही बारीक, दोन्ही पिवळट. एक मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायची. दुसरी फॉलिक अॅसिडची. मेडिकलवाल्यानं पाकिटावर इंग्रजीत काहीतरी खरडून दिलं. आजीनं सलग दोन दिवस मेथोट्रेक्सेट घेतली. तिसऱ्या दिवशी मावशीच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. कारण ही गोळी चुकून रोज घेतली गेली, तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो.

घरात एकच चर्चा, चूक कुणाची? बी.फार्म.ला असलेल्या माझ्या मैत्रिणीनं मात्र वेगळंच विचारलं, ‘‘ही चूक होणं इतकं सोपं का आहे?’’

फार्मसीला असाल तर हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017मध्ये ‘मेडिकेशन विदाउट हार्म’ ही मोहीम सुरू केली. औषधांमुळे होणारी गंभीर पण टाळता येण्यासारखी इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायची, हे तिचं ध्येय होतं. जागतिक पातळीवर ठरलेलं असं ध्येय गाठायचं कुठे? तर आपल्याच मेडिकलच्या काउंटरवर.

डी.फार्म.ला किमान 500 तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग असतं. समजा, तुमचं दौंड स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये आहे. समोर गाडी पकडायच्या घाईतला माणूस. ‘‘समजलं ना?’’ विचारलं की तो ‘हो’च म्हणणार! त्याऐवजी विचारा, ‘‘काका, ही गोळी कधी घेणार, सांगा बघू?’’ वीस जणांना विचारा आणि किती जणांनी बरोबर सांगितलं ते मांडून ठेवा. नावं नकोत, नुसता आकडा. मग एकच बदल करा, पाकिटावर ठळक मराठीत लिहा. पुन्हा वीस जणांना विचारा. आकडा सुधारला? चालू ठेवा. नाही सुधारला? दुसरं काही करून बघा. ठरवा, करा, तपासा, बदला. याला क्वालिटी इम्प्रूव्हमेंट म्हणतात. त्यासाठी लॅब लागत नाही, वही-पेन पुरतं.

आणि हो, थोडक्यात टळलेली चूकही लिहा. हायड्रॉक्सिझिन खाजेवर, हायड्रालाझिन बीपीवर. घाईत लिहिलेली ही दोन नावं सारखीच दिसतात. शंका आली की अंदाज नको, डॉक्टरांना फोन लावा. ज्युनिअर आहात म्हणून गप्प बसू नका.

आजीचं पुढे काय झालं? मैत्रिणीनं पाकिटावर ‘फक्त रविवारी’ असं लिहिलं. आजीला वाचता येतं, पण वारच लक्षात राहीना. मग मैत्रिणीनं विचारलं, ‘‘आजी, कुठला वार तुम्ही कधीच विसरत नाही?’’ आजी म्हणाली, ‘‘बाजाराचा!’’ डॉक्टरांना विचारून वार बदलला. आता पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय : ‘बाजाराच्या दिवशी. एकच.’

गावागणिक बाजाराचा वार वेगळा असतो. म्हणून आधी समोरच्याला विचारा, मग लिहा.