भांग, शीण आणि गोव्याचा दाखला

पेडण्याच्या किनाऱ्यावर, हरमल-मांद्रे-मोरजी पट्ट्यात, गांजाचे नाव निघाले की पोलिसांचे छापे आणि परदेशी पाहुणे आठवतात. त्याच तालुक्यात धारगळला मात्र अखिल भारतीय आयुर्वेद संस्था उभी आहे, आणि आयुर्वेदात हीच वनस्पती ‘विजया’ या नावाने औषधांत मोडते. संस्थेचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 चे. त्याच दिवशी मोपा विमानतळाचेही झाले, त्यामुळे चर्चा झाली ती विमानांचीच.

गोव्याची या वनस्पतीशी लेखी ओळख हिप्पींच्या चारशे वर्षे आधीची. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधींवरचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर वेगळा संवाद आहे. त्याच्या नकळत भांग घेणाऱ्या त्याच्या नोकरांचे म्हणणे त्याने टिपून ठेवले: कामाचा शीण जाणवत नाही, मन खुशीत राहते, भूक खवळते.

या तिन्ही गोष्टींचा उलगडा व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. 1964 मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी नशा आणणारे टीएचसी वेगळे काढले. 1988 मध्ये मेंदूत ते नेमके कुठे चिकटते ते ग्राहीस्थान सापडले. मग प्रश्न आला, शरीराने ही जागा परक्या झाडासाठी कशाला राखून ठेवावी? 1992 मध्ये उत्तर मिळाले: शरीर स्वतःच तसला रेणू बनवते. त्याचे नाव ॲनंडामाइड. अशा ग्राहीस्थानांपैकी सीबी-1 मुख्यतः मेंदूत आणि मज्जातंतूंत, तर सीबी-2 रोगप्रतिकारक पेशींत. झोप, वेदना, भूक, ताण, दाह या सगळ्यांवर या यंत्रणेचा हात फिरतो.

मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम, या आजारात बिघडतात त्याही बहुतेक याच गोष्टी. संशोधकांची नजर इकडे वळली ती त्यामुळे. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. या आजारावर भांगेतली कॅनाबिनॉइड द्रव्ये गुणकारी ठरल्याची भक्कम चाचणी नाही, मान्यताप्राप्त औषधही नाही. शिवाय टीएचसीने नाडी वाढते, उभे राहताना रक्तदाब उतरू शकतो. या रुग्णांपैकी अनेकांना मुळात उभे राहणेच जड जाते. भांगेच्या थेंबांच्या बाटल्या विकणारे हे सांगत नाहीत.

डिचोली तालुक्यातल्या साखळीचे आमदार प्रमोद सावंत मुख्यमंत्री असताना, 2020 च्या डिसेंबरात औषधी गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव कायदा खात्यापर्यंत पोचला होता. गदारोळ उठला आणि प्रस्ताव अडला. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात राज्यांना अशी परवानगी देण्याची वाट आहे, हे त्या गोंगाटात कुणाच्या फारसे ध्यानात आले नाही.

थकव्याचा खरा गोमंतकीय दाखला मात्र बार्देशातल्या हळदोण्याचा. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात 18 ते 50 वयाच्या 2494 बायकांची पाहणी केली. ती 2005 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. सहा महिने किंवा त्याहून जास्त थकवा असलेल्या 303 निघाल्या, म्हणजे 12.1 टक्के. आपल्याकडे बाई थकली म्हटले की ‘रक्त कमी असेल’ हे ठरलेले. इथे हिमोग्लोबिनचा थकव्याशी संबंधच दिसला नाही. दिसला तो कुटुंबावरच्या कर्जाशी, उपासमारीशी, नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशी आणि ढासळलेल्या मनःस्वास्थ्याशी.

या सगळ्याच बायकांना क्रॉनिक फटीग सिंड्रोम होता, असे नव्हे. थकवा हे लक्षण, सिंड्रोम हा आजार. त्याची खूण म्हणजे थोड्याशा श्रमाने, कधी एक-दोन दिवसांनी, प्रकृती एकदम ढासळणे. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2021 मध्ये ठरावीक चढत्या व्यायामाचा सल्ला मागे घेतला तो यासाठीच. म्हणून पेडणे असो की डिचोली, दवाखान्यात दमलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या लिहून देण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: काम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसे वाटते, आणि घरी सगळे ठीक आहे ना. दुसरा प्रश्न नवरा शेजारी बसलेला नसताना.