जीनची बंडी



तुमच्याकडून येणाऱ्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांत अलीकडे जीनच्या पँटच जास्त असतात. त्यांचे तुम्ही करता काय, असे पुष्कळांनी विचारले, म्हणून हे लिहीत आहे. आधी कबूल करते की पहिली दोन वर्षे आम्ही त्यांचे काहीच चांगले केले नाही. जशा आल्या तशा अकोले तालुक्यातल्या डोंगराकडेच्या वाड्यांमध्ये वाटून टाकल्या. एका ठाकर मावशींनी पँट हातात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, ही घालून आवणीत कोण उतरायचं? चिखलानं भरली तर पिळायला दोन माणसं लागतील." पुढच्या खेपेला तीच पँट गोठ्याच्या दारात पाय पुसायला टाकलेली दिसली. वाईट वाटले, पण मावशींचे काय चुकले होते?

गंमत अशी की हे कापड मुळात कष्टकऱ्यांचेच. मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरूनच इंग्रजांना 'डंगरी' हा शब्द मिळाला. पुढे अमेरिकेत मजुरांच्या पँटचे खिसे सारखे उसवत, म्हणून जेकब डेव्हिस या शिंप्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले, आणि 1873 साली त्याने व लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याने मिळून त्याचे पेटंट घेतले. आमच्या सुया मोडतात त्या याच रिव्हेटांवर!

भंडारदऱ्याच्या बाजूला दिवाळीनंतर पहाटेची थंडी हाडात शिरते. सुट्टी संपवून आश्रमशाळेत परतणारी लहान मुले बहुतेक एका पातळ शर्टावर असतात. तेव्हा शिवणवर्गात ठरले की या पँटची बिनबाह्यांची, अस्तर लावलेली बंडी करायची. पावसाळ्यासाठी ती नव्हेच. आमच्या पावसात जीन चार चार दिवस वाळत नाही.

आधी कापड ओळखावे लागते. पँट आडवी धरून ताणायची. रबरासारखी ताणली तर ती बाजूला. तिचे खिसे तेवढे काढून घेतो. न ताणणारी, पूर्ण सुती पँट बंडीला उत्तम. पायाच्या दोन शिवणींपैकी आतली शिवण बहुधा दुमडून दोन रांगांत घातलेली असते, ती उसवायला बसलात तर सकाळ जाते. बाहेरची शिवण साधी, एकाच रांगेची असते. ती उसवली की अख्खा पाय चादरीसारखा उघडतो. मांडीकडे रुंद, घोट्याकडे अरुंद असा हा तुकडा उलटा धरायचा: अरुंद टोक खांद्याकडे आणि रुंद टोक कमरेकडे. सात-आठ वर्षांच्या मुलाची पाठ एका पायात बसते, आणि ती जाड शिवण बरोबर कण्यावर येते. दुसरा पाय शिवणीच्या दोन्ही बाजूंनी कापला की पुढचे दोन भाग मिळतात. उभा निळा धागा उभाच राहिला पाहिजे, कारण कापडाचे बळ त्यात आहे. आडवा धागा पांढरा असतो, म्हणूनच जीन आतून फिकट दिसते. कापताना चहूबाजूंनी अर्धा इंच माया ठेवायची.

गुडघ्याची विरळ झालेली जागा या मांडणीत छातीच्या आसपास येते. तिच्यावर पँटचाच मागचा खिसा बसवला की विरळपण झाकते आणि मुलाला खिसाही मिळतो. ही युक्ती माझी नाही, वर्गातल्या एका मुलीची. विरळ जागा पाठीत आली तर मात्र आतून ठिगळ लावावे लागते.

अस्तराच्या बाबतीत मी सपशेल चुकले. पहिल्या 12 बंड्यांना बाजारातले कोरे मांजरपाट लावले. दिसायला सुरेख झाल्या. पहिल्याच धुण्यात मांजरपाट आटले. पुष्कळदा धुतलेली जीन आता आटणार नव्हती, त्यामुळे सगळ्या बंड्या सुरकुतून आत वळल्या. कोऱ्या कापडाच्या ठिगळाचा दृष्टान्त लहानपणापासून ऐकत आले आहे, पण कापड विकत घेताना आठवला नाही. वर्गाच्या दारात बसलेल्या एका आजी हसून म्हणाल्या, "जुन्याला जुनंच लागतं बाई. आम्ही गोधडीला कधी कोरं लावतो का?"

तेव्हापासून अस्तर जुन्या सुती लुगड्याचे. नऊवारीचे मऊ झालेले कापड दुहेरी घेतो आणि गोधडीसारखे हाताने धावदोऱ्याने जीनवर टाचून घेतो. इथे एक गोष्ट झाली. "आम्हाला शिवण येत नाही" म्हणून ज्या बायका वर्गाला यायला लाजत होत्या, त्यांचा धावदोरा मशीनच्या टिपेइतका सरळ निघाला. आता अस्तराचे काम त्यांच्याकडे आहे आणि त्याची मजुरी त्यांना वेगळी मिळते. मशीनवर बसणाऱ्या मुली त्यांच्याकडून टाके शिकतात.

मशीन आमची पायाची, जुनी. नेहमीची 14 नंबरची सुई जीनला पुरत नाही; 16 ची, आणि जाड घडीला 18 ची लागते. दोन शिवणी एकावर एक येतात तिथे घडी दगडावर ठेवून बत्त्याने ठोकून चपटी करायची, मग पाय थांबवून चाक हाताने फिरवायचे. घाई केली की सुई गेलीच. बंद करायला पँटचे लोखंडी बटण लावत नाही, पहाटे ते गार लागते आणि लहान बोटांना लावता येत नाही. उरलेल्या कापडाचे दोन बंद शिवतो. कमरपट्टा खांद्यांच्या शिवणीखाली आतून जातो. राहिलेल्या तुकड्यांच्या पाटीसाठी पिशव्या होतात.

एका पँटची एक बंडी, हाच हिशोब. मोठ्या मुलाला दीड लागते.

गाठोडे बांधताना एवढे पाहा. गुडघा फाटलेला चालतो, पण मांडीत आतून घासून झिजलेली पँट पाठवू नका, तिथलेच रुंद कापड आम्हाला हवे असते. शोभेचे खडे आणि चमक्या काढून टाका. धुऊन पाठवा. आणि सध्या पोत्यांत पँट भरपूर आहेत, कमी पडतात ती लुगडी. आजीचे एखादे सुती लुगडे ट्रंकेत घडी होऊन पडले असेल तर ते दसऱ्याच्या आत पाठवा, म्हणजे सुट्टी संपायच्या आधी अस्तरे लागतील.