प्रोग्राम चालतो, डोंगल अडतो

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली, हे वाचून झालं. पण तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या वजनकाट्यावर याचा अर्थ काय, ते कुणी सांगत नाही.

काट्यावरचा जुना ३२ बिटचा प्रोग्राम विंडोज ११ वर मुकाट उघडतो. गाडी नंबर टाका, भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती. प्रोग्रामच्या कुलपाचा डोंगल मात्र ओळखला जात नाही, कारण त्याचा ड्रायव्हरही ३२ बिटचा आणि विंडोज ११ निव्वळ ६४ बिटचं. बाहेर ट्रकची रांग, आत मायक्रोसॉफ्टला शिव्या.

शिव्यांचा पत्ता चुकतोय. प्रोग्राम कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, बाहेरून काम सांगतो, त्याच्यासाठी भाषांतराची सोय ठेवलेली असते. ड्रायव्हर कर्नलच्या आत शिरून बसतो, तिथे ती सोय नाही. बाहेरच्याला दिलेला शब्द पाळायचा आणि आतलं हवं तसं बदलायचं, हा मूळ करार. तारापूरच्याच पहिल्या दोन अणुभट्ट्या घ्या: १९६९ पासून अमेरिकेचं इंधन, पोखरणनंतर त्यावरून तंटा, मग फ्रान्स, चीन, रशिया. बोईसरच्या घरातल्या पंख्याला याचा पत्ताही नाही. त्याला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ मिळाले की झालं.

लिनक्समध्ये ही शिस्त सर्वात कडक. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीत डेव्हिड हॉवेल्स यांनी बाहेरच्या प्रोग्रामना लागणाऱ्या व्याख्या कर्नलच्या खासगी व्याख्यांतून वेचून ‘यूएपीआय’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात नेल्या. त्याच महिन्यात दुसऱ्या एका बदलामुळे आवाजाचे प्रोग्राम बिघडले. संबंधित देखभालकर्त्याने खापर प्रोग्रामवर फोडलं आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स चारचौघांत त्याच्यावर उखडले. भाषा अगदीच असभ्य, पण मुद्दा सोळा आणे खरा: वापरणाऱ्याचा चालता प्रोग्राम मोडला, तर दोष कर्नलचा.

आतल्या बाजूला उलटा कारभार. ड्रायव्हरसाठी आतली जुळणी स्थिर राहणार नाही, हे कर्नलचे देखभालकर्ते ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी लिहूनच ठेवलंय. ड्रायव्हरचा सोर्स मूळ कर्नलमध्ये द्या, मग आतलं बदलणारा तुमचा ड्रायव्हरही सुधारेल. सोर्स कवटाळून बसणाऱ्या कंपन्यांना हे पचत नाही. अशी कंपनी बंद पडली की ड्रायव्हर पोरका होतो आणि भुर्दंड काटेवाल्याला.

म्हणून नवा काटा घेताना विक्रेत्याला विचाराच: डोंगलला स्वतःचा ड्रायव्हर लागतो का? कीबोर्ड-माउससारखे लावताक्षणी ओळखले जाणारे डोंगल मिळतात. ‘ड्रायव्हर सीडीत आहे’ असं उत्तर आलं, तर दुसरा विक्रेता गाठा.