पोथी की पीडीएफ?

हौशी कार रेसिंगमध्ये उतरायचंय? मग टायर-इंजिनाच्या गप्पा नंतर, आधी रुलबुकचं बोला! ते छापून घ्यायचं की मोबाईलमध्येच ठेवायचं? नगरच्या एका वर्कशॉपमध्ये पेटलेल्या वादाचा हा आँखों देखा हाल...

नगरच्या दिल्ली गेटजवळचं झेरॉक्सचं दुकान. रात्रीचे साडेनऊ. शटर अर्धं खाली आलेलं आणि माझा मामेभाऊ काउंटरवर पेन ड्राइव्ह नाचवत उभा.

"काका, एवढं एकच प्रिंट. स्पायरल पण मारा ना, प्लीज!"

काकांनी जाडजूड गठ्ठ्याकडे बघून विचारलं, "काय रे, एमपीएससी का?"

नाही हो काका. हे होतं रेसिंगचं रुलबुक!

आमचा हा पठ्ठ्या जिल्ह्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकतो. त्याची गँग एकसीटर रेसकार बनवते. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण आपल्या तोंडी अजून नगरच. आणि नगरकरांना गाड्यांचं वेड असलं तर त्यात नवल ते काय? लष्करी गाड्यांवर संशोधन करणारी 'व्हीआरडीई' इथलीच, रणगाड्यांचं म्युझियमही इथलंच.

इंजिनीअरिंगच्या पोरांसाठी अशा स्पर्धा आपल्याकडे आता चांगल्या रुळल्यात. इंदूरजवळच्या पिथमपूरला २००७ मध्ये 'बाहा एसएई इंडिया' सुरू झाली. तिथे पोरांनी बनवलेल्या बग्गीला खडबडीत रस्त्यावर चार तास टिकून दाखवावं लागतं. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या 'फॉर्म्युला भारत'चे नियम जर्मनीतल्या विद्यार्थी स्पर्धेवर बेतलेले आहेत. अशा रुलबुकची पानं शंभराच्या वर! गाडी ६० अंशांत कलती केली तरी इंधनाचा थेंब गळता कामा नये, ड्रायव्हर पाच सेकंदांत गाडीबाहेर पडला पाहिजे... एक ना दोन. यातलं एक जरी हुकलं तरी वर्षभराची मेहनत पिटलेनमध्येच उभी!

मग एवढं बाड सांभाळायचं कसं? इथेच टीममध्ये उभी फूट पडली.

पोथीपंथी आणि पीडीएफवाले

पोथीपंथीयांची कॅप्टन स्वतः. तिचं म्हणणं साधं आहे. वर्कशॉपमध्ये हात ग्रीसने माखलेले, त्यात फोन कोण धरणार? भर उन्हात स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो. नेमकं हवं तेव्हा नेटवर्क जातं नाहीतर बॅटरी चार टक्क्यांवर येते. छापील प्रत मात्र गाडीच्या बाजूला पडून राहते. ब्रेकला पिवळं कागदी फ्लॅग, सीटबेल्टला गुलाबी, इलेक्ट्रिकलला हिरवं. चार डोकी एकाच पानावर वाकून भांडू शकतात. "कागदावर वाचलं की डोक्यात बसतं गं ताई," असं तिने मला अगदी मनापासून सांगितलं.

पीडीएफवाल्यांचा नेता म्हणजे आमचे बंधुराज. त्यांचा फंडा एकदम क्लिअर. कंट्रोल-एफ मारा, शब्द टाका, नियम हजर! जर्मनीतल्या स्पर्धेसारखी रजिस्ट्रेशनलाच ऑनलाइन क्विझ असली की सेकंदासेकंदाचा हिशेब लागतो. तिथे पोथी चाळत बसलात तर संपलंच. (आधी नीट वाचलेलं नसेल तर कंट्रोल-एफही वाचवत नाही, हे त्याने जरा हळू आवाजात कबूल केलं.)

मला दोघंही पटत होते. मग मी मागच्या वर्षीबद्दल विचारलं, आणि दोन्ही पार्ट्या एकदम गप्प!

हेल्मेटने केली शाळा

मागच्या वर्षी टीमकडे सीनियर्सकडून आलेली स्पायरल पोथी होती. रंगीत फ्लॅग लावलेली, समासात नोंदी, कव्हरवर चहाचा गोल. त्यातली हेल्मेटची यादी बघून पोरांनी सीनियर्सचंच हेल्मेट सोबत नेलं. तपासणीच्या टेबलावर परीक्षकांनी हेल्मेटचं अस्तर बाजूला केलं, आतलं स्टिकर बघितलं आणि मान हलवली. तो जुना दर्जा त्या वर्षीच्या यादीतून बाद झाला होता. पोरांनी पोथी पुढे केली. त्यांनी पहिलं पान उघडून फक्त साल दाखवलं. आता बोला!

बरं, नवी पीडीएफ टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली होती. कोणी उघडलीच नव्हती! कारण 'आपल्याकडे प्रिंट आहे ना'. अर्धा दिवस धावपळ करून दुसऱ्या कॉलेजच्या टीमकडून हेल्मेट मिळवलं. तोवर अॅक्सिलरेशनची वेळ गेली आणि तिथले मार्क शून्य.

पण मार्कांचं सोडा हो. हे नियम उगीच बदलत नाहीत. रेसिंगच्या हेल्मेटसाठी 'स्नेल'चा एसए दर्जा जगभर मानला जातो आणि तो साधारण दर पाच वर्षांनी नवा येतो: २०१०, २०१५, २०२०... जागतिक संघटना 'एफआयए'ने एसए २०१० ची हेल्मेट ३१ डिसेंबर २०२३ नंतर बाद केली. एसएमध्ये आगीची चाचणीही असते. बाइकच्या 'एम' दर्जात ती नसते. म्हणजे जुन्या पानावर विसंबलात, तर पणाला लागतं ते ड्रायव्हरचं डोकं. आणि मागच्या वर्षी ड्रायव्हर होता माझा मामेभाऊ! ही गोष्ट मामीला अजून माहीत नाही. (मामी, तू हे वाचत असशील तर त्याला ओरडू नकोस.)

तुमचा नंबर कधी?

कॉलेज संपलं म्हणून हळहळू नका. नोकरी करणाऱ्यांसाठी ऑटोक्रॉस आहेच. मोकळ्या मैदानात ट्रॅक आखतात, गाड्या घड्याळाशी शर्यत करतात आणि कमी वेळ घेणारा जिंकतो. आपल्याकडे या खेळाचा कारभार 'एफएमएससीआय' बघते. तिचे नियम वेबसाइटवर मिळतात. त्याशिवाय प्रत्येक स्पर्धेची वेगळी पुरवणी नियमावली असते आणि वर ऐनवेळची बुलेटिन्स. अमेरिकेत हौशी रेसिंग चालवणारा 'एससीसीए' क्लब तर नियमांतले बदल दर महिन्याला जाहीर करतो. छापखान्याने धावायचं तरी किती?

थोडक्यात काय तर...

* शेवटचा शब्द डिजिटल प्रतीचाच. ती अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या, ग्रुपवरच्या फॉरवर्डवर विसंबू नका.
* फाईल फोनमध्ये डाऊनलोड करून ठेवा. मैदानात रेंजची गॅरंटी नाही.
* सगळं बाड छापायची गरज नाही. सुरक्षा, तपासणी आणि तुमच्या गटाची पानं छापली तरी काम भागतं.
* प्रत्येक प्रिंटवर आवृत्ती आणि तारीख लिहा. नवी आली की जुनी रद्दीत, भावनिक व्हायचं नाही!
* बदलांवर नजर ठेवायचं काम एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही.
* स्पर्धेच्या सकाळी नोटीस बोर्ड बघा, मग चहा.

शेवटी त्या रात्री काकांनी स्पायरल मारून दिलं. बंधुराजांनी लाल मार्करने कव्हरवर मोठ्ठ्या अक्षरात आवृत्ती आणि तारीख लिहिली, खाली लिहिलं, 'नवी आली का? आधी बघा!' म्हणजे पीडीएफवाला पोथी घेऊन निघाला होता. आणि पोथीवाली कॅप्टन? तिचा फोनवर मेसेज आला होता: 'वेबसाइट चेक केली. हीच लेटेस्ट आहे. छाप बिनधास्त!'