दंडात नळी, आणि घरी जायचंय

नशेची सुई टोचून घेणाऱ्यांच्या रक्तात जंतू शिरतात आणि कधी कधी हृदयाच्या झडपेवर ठाण मांडतात. मग शिरेतून अँटिबायोटिक, तेही बहुधा 4 ते 6 आठवडे. त्यासाठी दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत बारीक नळी सरकवतात. तिला 'पिक लाइन' म्हणतात. अमेरिकेत इतर रुग्ण ती घेऊन घरी जातात, नर्स येऊन ड्रेसिंग बदलते. व्यसनी रुग्णाला मात्र अनेकदा रुग्णालयातच अडकवून ठेवतात. भीती अशी, की तो त्याच नळीतून नशा करील. भीती अगदीच खोटी नाही. पण नळी काढली तरी ज्याला टोचायचं तो दुसरी शीर शोधतोच. आणि तलफेने कासावीस झालेला माणूस उपचार अर्धवट टाकून निघून जातो, हे जास्त घातक.

अमेरिकी संसर्गतज्ज्ञांच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांनी सरसकट होकार वा नकार न देता निर्णय रुग्णागणिक घ्यायला सांगितलं. घर आहे का, सोबत कोण, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे व्यसनावरचं औषध सुरू झालं का, हे पाहायचं. काहींना डाल्बाव्हान्सिन हे अँटिबायोटिक चालतं. त्याचा एक डोस आठवडाभर किंवा जास्त पुरतो, नळी लागत नाही. व्यसनावरचं औषध न देता नुसती नळी काढून घरी पाठवणं हा मात्र अर्धाच उपचार.