सरासरीचा पाऊस आणि मराठवाड्याची शेती

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी घेऊन निघालेली आगगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा मराठवाड्याच्या अवर्षणाची चर्चा देशभर झाली. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात नद्यांनी काठ सोडले, उभे सोयाबीन पाण्याखाली गेले आणि अनेक ठिकाणी पिकाबरोबर जमीनही खरवडून गेली. दोन्ही टोकांचे तडाखे सोसणाऱ्या या शेतीला बदलत्या हवामानाचा धोका नेमका किती, हे ठरवावयाचे तरी कसे?

हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०१३ साली देशातील ५७२ ग्रामीण जिल्ह्यांपुरता असा प्रयत्न केला. हवामानाचा आघात किती, तो झेलणारी शेती किती नाजूक आणि त्यातून सावरण्याची कुवत किती, ही त्या मोजमापाची तीन अंगे. पद्धत शास्त्रशुद्धच आहे. अडचण आहे ती जिल्हा या एककाची. दांडेकर समितीने १९८४ साली विकासाचा अनुशेष जिल्हावार मोजला. रस्ते आणि शाळा यांच्या बाबतीत ते एक वेळ चालून जाते. पाऊस मात्र जिल्ह्याची हद्द पाळीत नाही.

आणि तो केवळ बेरजेने मोजताही येत नाही. सोयाबीन हे सुमारे शंभर दिवसांचे पीक. ऑगस्टात शेंगा भरण्याच्या वेळी पावसाने तीन आठवडे ताण दिला की दाणा पोसत नाही. काढणीच्या तोंडावर त्यानेच झोडपले की शेंगेतच कोंब फुटतात. हंगामाअखेरीस पावसाची बेरीज मात्र सरासरीइतकी भरलेली असू शकते!

सावरण्याच्या कुवतीचा हिशेबही असाच फसवा आहे. सिंचित क्षेत्र तेथे जमेस धरले जाते आणि सर्वसाधारणपणे ते योग्यही होय. परंतु विंधनविहिरीचे पाणी उसाला जात असेल, तर २०१४ आणि २०१५ सारखी लागोपाठ दोन वर्षे पाऊस फसताच तीच जमेची बाजू नावे पडते. भूजल सर्वांचे, उपसा मात्र ज्याच्या त्याच्या पंपाच्या ताकदीचा. गावातील अल्पभूधारकाची उथळ विहीर त्यात आधी आटते.

‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. तेथील नोंदी पिकाच्या अवस्थांशी ताडून मंडळवार नकाशा सिद्ध करणे आज अशक्य नाही. अधिक कठीण आहे ती बटईदाराची गणना. बी-खताचा खर्च आणि पिकाची जोखीम त्याच्याही शिरावर असते. पण कूळकायद्याच्या धास्तीने मालक तोंडी करारावरच भागवतो. पूर ओसरल्यावर पंचनाम्यासाठी महसूल कर्मचारी बांधावर येतो, तेव्हा त्याच्या हातातील यादी सातबाऱ्यावरील नावांचीच असते.