जिम्मी : अभय होते, समता नव्हती

‘जिम्मा’ हा शब्द आपण नित्य वापरतो. परंतु या अरबी शब्दामागे एक सबंध कायदा उभा आहे. मध्ययुगीन इस्लामी राज्यांत ख्रिस्ती व ज्यू प्रजेला ‘जिम्मी’ म्हणत. म्हणजे जिच्या रक्षणाचा जिम्मा राज्याने घेतला आहे अशी प्रजा. तिच्या जीविताला, मालमत्तेला व उपासनेला अभय असे. विवाह-वारशाचे तंटे तिचीच धर्मपीठे तोडीत. याचा मोबदला जिझिया. हनफी शास्त्रकारांनी त्याचे ऐपतीप्रमाणे वर्षाला १२, २४ व ४८ दिरहम असे तीन दर सांगितले. स्त्रिया व मुले यांना माफी होती.

मग उणे ते काय? मुसलमानाविरुद्ध जिम्मीची साक्ष काजीपुढे चालत नसे; नवे प्रार्थनामंदिर बांधण्यास सामान्यतः मनाई असे. शिवाय अभय टिके ते राजाच्या मर्जीवर. कैरोच्या हाकिम खलिफाने १००९ साली जेरुसलेममधील ख्रिस्ताच्या समाधीवरील चर्च पाडविले. त्याच्या मुलाने ते पुन्हा बांधू दिले. कायदा दोन्ही वेळी एकच होता!

ऑटोमन सुलतानाने १८५६ च्या फर्मानात सर्वधर्मीय प्रजेला समतेचे वचन दिले. जिम्मा दुसरा कोणी घेतो. हक्क मात्र आपला असतो. श्रोतेहो, प्रजा आणि नागरिक यांतले अंतर ते हेच.